अनुभवाची मर्यादा आणि ईश्वराज्ञेचे पालन : पंडिता रमाबाई आणि १८९६-९७ चा दुष्काळ

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे स्थान निर्विवाद आहे. त्यांच्या कार्याचा अभ्यास आजवर मुख्यतः स्त्रीशिक्षण, विधवांचा प्रश्न आणि धर्मांतर या तीन अंगांनी झालेला दिसतो. त्यांची श्रद्धा हा विषय मात्र चरित्रकारांनी गौरवाचा आणि टीकाकारांनी आक्षेपाचा मानला. ऐतिहासिक विश्लेषणाचा विषय म्हणून त्याकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले. ज्या व्यक्तीने आपल्या प्रत्येक मोठ्या निर्णयाचे कारण ‘ईश्वराची आज्ञा’ असे नोंदवून ठेवले, त्या व्यक्तीचा इतिहास लिहिताना त्या कारणाचे काय करावयाचे, हा प्रश्न इतिहासलेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

ख्रिस्ती परंपरेत विश्वासाची एक विशिष्ट कल्पना आहे. रात्रभर जाळे टाकूनही मासळी न मिळालेला कोळी, आपला धंद्यातील अनुभव बाजूस ठेवून, येशूच्या शब्दावरून पुन्हा जाळे टाकतो, ही शुभवर्तमानातील कथा त्या कल्पनेचे सार सांगते. मराठी संतपरंपरेलाही हा विचार परका नाही. १६२९-३१ च्या भीषण दुष्काळात पत्नी व पुत्र गमावलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. व्यवहाराचा अनुभव एक सांगतो आणि अंतःकरणातील आज्ञा दुसरेच सांगते, अशा प्रसंगी माणूस कोणाचे ऐकतो, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे. प्रस्तुत लेखात रमाबाईंच्या १८९६-९७ मधील निर्णयाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

दुष्काळाचा पहिला अनुभव

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याच्या आग्रहामुळे त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला होता. आर्थिक ओढाताणीमुळे हे कुटुंब पुढे आश्रम सोडून तीर्थयात्रेस निघाले व पुराणे सांगून निर्वाह करू लागले. दक्षिणा मिळेल त्यातून दानधर्म करावा, व्रते-अनुष्ठाने करावीत आणि उद्याची चिंता देवावर सोपवावी, अशी त्यांची जीवनरीती होती.

मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या रीतीची कसोटी लागली. पुराण ऐकण्यास श्रोते उरले नाहीत. दागिने, भांडी, वस्त्रे विकून आलेला पैसाही संपला. विद्वत्तेची प्रतिष्ठा असलेल्या या कुटुंबाला अंगमेहनतीचे काम येत नव्हते आणि भीक मागणे मानवत नव्हते. १८७४ मध्ये अनंतशास्त्रींचा अंत झाला. त्यामागोमाग आई लक्ष्मीबाई व थोरली बहीण कृष्णाबाई यांचाही मृत्यू झाला. मागे उरलेली रमाबाई व श्रीनिवास ही भावंडे अर्धपोटी अवस्थेत देशभर पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्याचे वर्णन रमाबाईंनी पुढे केले आहे. १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

या काळाने रमाबाईंना दोन धडे दिले. पहिला धडा असा की, कर्मकांडाच्या मोबदल्यात देव संकट निवारतो या समजुतीवर विसंबून राहणे घातक ठरू शकते. दुसरा असा की, भुकेपुढे प्रतिष्ठा टिकत नाही आणि हातांना काम येत नसेल तर विद्याही अपुरी पडते. त्यांच्या पुढील कार्यातील श्रमशिक्षणाच्या आग्रहाचे मूळ या दुसऱ्या धड्यात दिसते. पहिल्या धड्याचा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘देवावर भार टाकून’ बसलेल्या कुटुंबाची वाताहत ज्या मुलीने डोळ्यांनी पाहिली, तीच पुढे केवळ देवाच्या भरवशावर शेकडो मुलींची जबाबदारी घेते. या विसंगतीचा उलगडा झाल्याखेरीज रमाबाईंची श्रद्धा समजणार नाही.

आज्ञापालन कोणाचे?

श्रीनिवासच्या मृत्यूनंतर १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतरच्या पत्रव्यवहारात आज्ञापालनाचा प्रश्न तीव्रतेने उपस्थित होतो. ज्यांना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत, त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे अनेक बाबतींत मतभेद झाले. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी रमाबाईंना शंका होत्या. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली. रमाबाईंना ती मान्य झाली नाही. चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा आणि ईश्वराची आज्ञा या दोन भिन्न गोष्टी असून पुरोहितांच्या एका वर्गाचे जोखड उतरवून दुसऱ्या वर्गाचे जोखड मानेवर घेण्यासाठी आपण धर्म बदललेला नाही, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या आज्ञाधारकतेचा विचार करताना हा पुरावा दुर्लक्षून चालत नाही. माणसांच्या आज्ञा त्यांनी तपासल्याखेरीज मानल्या नाहीत. किंबहुना, ईश्वराज्ञा सर्वोच्च मानल्यामुळेच बाकीच्या सर्व आज्ञांना प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना प्राप्त झाला, असे म्हणता येते.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांच्या श्रद्धेत आणखी एक परिवर्तन झाले. आपणास ख्रिस्ती धर्म सापडला, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची जाणीव त्यांनी आपल्या आत्मकथनात नोंदविली आहे. येथे वरील विसंगतीचा उलगडा होऊ लागतो. बालपणीच्या धर्मजीवनात पुण्य साठवून देवाकडून फळ घ्यावयाचे होते. १८९१ नंतरच्या श्रद्धेत देवघेवीचा हा हिशेब नाही. तेथे आधी विश्वास ठेवावयाचा आहे आणि मग सांगितलेले काम करावयाचे आहे. अनंतशास्त्रींच्या कुटुंबाची श्रद्धा फळाची वाट पाहत थांबली होती. त्यांच्या कन्येची श्रद्धा तिला घराबाहेर काढणारी ठरली.

लोकाश्रयाचा अनुभव

अमेरिकेत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या ग्रंथाने रमाबाईंना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. त्याच वर्षी बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षांच्या साहाय्याची हमी दिली. धार्मिक बाबतीत संस्था तटस्थ राहील, ही त्यामागील अट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक शारदा सदनाची सुरुवात झाली. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. न्या. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांसारख्या धुरीणांचे सल्लागार मंडळ संस्थेस लाभले.

हा लोकाश्रय फार काळ टिकला नाही. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. त्यांना मज्जाव करणे रमाबाईंना मान्य नव्हते. ‘केसरी’ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पालकांचा व सल्लागारांचा आक्षेप निराधार होता असे म्हणता येत नाही, कारण तटस्थतेच्या हमीवरच त्यांनी विश्वास टाकला होता. तथापि, रमाबाईंच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ वेगळा होता. मान्यवरांचा पाठिंबा एका उन्हाळ्यात नाहीसा होऊ शकतो, हा अनुभव त्यांच्या गाठीशी जमा झाला.

१८९६-९७ चा निर्णय

१८९६ मध्ये पावसाने दगा दिला आणि मध्य प्रांतासह देशाचा मोठा भाग दुष्काळाच्या छायेत आला. त्या वेळच्या रमाबाईंच्या परिस्थितीचा ताळेबंद मांडला तर तो प्रतिकूल दिसतो. अमेरिकेतील दहा वर्षांच्या हमीची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. पुण्यातील समाजाचा विश्वास उडालेला होता. शारदा सदनाची जागा मर्यादित होती. केडगावजवळ घेतलेल्या जमिनीवर शेकडो माणसांच्या निवासाची सोय नव्हती. आजवरच्या अनुभवाचा सल्ला स्पष्ट होता : आहे तेवढे सांभाळावे, नवी जबाबदारी घेऊ नये.

मध्य प्रांतातील मुली व तरुण विधवा यांच्या हालांच्या वार्ता आल्या तेव्हा रमाबाईंच्या मनात प्रथम हाच विचार आला, असे त्यांच्या दुष्काळविषयक लेखनातून दिसते. आपल्याकडे पैसा नाही, बळ नाही, आपण काय करणार, असे म्हणून गप्प बसणे शक्य होते. परंतु वीस-बावीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार त्यांना स्वस्थ बसू देईना. आपण ज्यातून वाचलो त्यातूनच या मुली जात आहेत आणि त्यांच्याकडे जाण्याची ही ईश्वराची आज्ञा आहे, असा अर्थ त्यांनी त्या अस्वस्थतेचा लावला. त्या मध्य प्रांतात गेल्या, दुष्काळी कामांची ठिकाणे व अनाथांचे निवारे स्वतः पाहिले आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या.

या निर्णयात अनुभव नाकारलेला नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अनुभवाने एकाच वेळी दोन गोष्टी सांगितल्या. उपासमारीची आठवण ‘जा’ म्हणत होती, तर लोकाश्रय तुटल्याची आठवण ‘थांब’ म्हणत होती. अनुभव स्वतः हा निवाडा करू शकत नव्हता. कोणत्या आठवणीस आज्ञेचे बळ द्यावयाचे, हे श्रद्धेने ठरविले. दुःखाच्या अनुभवातून कर्तव्य घ्यावे आणि अपयशाच्या अनुभवातून मर्यादा घेऊ नये, असे या निर्णयाचे सूत्र सांगता येईल.

याच काळातील शासकीय धोरणाशी तुलना केल्यास हे सूत्र अधिक स्पष्ट होते. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्याआधारे प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. मागील अनुभवाचे नियमांत रूपांतर करण्याचा तो प्रयत्न होता. त्याचे प्रशासकीय मोल नाकारता येणार नाही. परंतु नियम ठरलेल्या कामाची, ठरलेल्या मजुरीची आणि ठरलेल्या शिध्याची भाषा बोलतात. दुष्काळी कामावर एकट्या पडलेल्या तरुण मुलीच्या असुरक्षिततेचे उत्तर त्यांत नव्हते. ती उणीव रमाबाईंना दिसली, कारण त्या वयात त्या स्वतः रस्त्यावर होत्या.

केडगाव : विश्वासाची व्यवस्था

मुली पुण्यात आल्या आणि नवे संकट उभे राहिले. प्लेगमुळे शहरात एवढ्या लोकांना ठेवण्यास अधिकाऱ्यांनी प्रतिबंध केला. परिणामी मुलींना केडगावच्या मोकळ्या माळावर हलवावे लागले. प्रारंभी तात्पुरते निवारे उभारण्यात आले. पुढे विहिरी, इमारती, शेती यांचा विस्तार होत गेला आणि ‘मुक्ती’ ही संस्था आकारास आली. याच १८९७ मध्ये प्लेगच्या काळात स्त्रियांना मिळालेल्या वागणुकीविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारवर टीका केली. ईश्वराज्ञा मानणाऱ्या या बाई राजाज्ञेपुढे मूक नव्हत्या, याचे हे आणखी एक उदाहरण होय.

१८९९-१९०० चा दुष्काळ, म्हणजेच लोकस्मृतीतील ‘छप्पन्नचा काळ’, आला तेव्हा त्यांनी पुन्हा तोच मार्ग स्वीकारला. १९०० च्या सुमारास मुक्तीतील निवासींची संख्या दीड हजाराहून अधिक झाली होती.

ब्रिस्टल येथे अनाथाश्रम चालविणारे जॉर्ज म्यूलर आणि चायना इनलँड मिशनचे संस्थापक हडसन टेलर यांच्या कार्याचा रमाबाईंवर प्रभाव होता. परदेशात ईश्वरावर विसंबून असे कार्य चालते, तर ते हिंदुस्थानात का चालू नये, असा प्रश्न आपणास पडल्याचे त्यांनी लिहिले आहे. तथापि, ‘देवाने पुरविले’ या वाक्यामागील प्रत्यक्ष व्यवस्था इतिहासाच्या अभ्यासकाने पाहणे आवश्यक ठरते. प्रार्थनेचे विषय पत्रांतून व छापील वृत्तांतांतून इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील ख्रिस्ती वाचकांपर्यंत जात होते. पुढे ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे नियतकालिक निघू लागले. मुक्तीतील मुली शेती, विणकाम, स्वयंपाक, तेलघाणी, छपाई अशी कामे शिकून संस्थेचा भार उचलीत होत्या. अंगमेहनत न येणाऱ्या कुटुंबाची जी अवस्था झाली, ती या मुलींची होऊ नये याची दक्षता त्यात दिसते.

म्हणून मुक्तीचा विश्वास म्हणजे नियोजनाचा अभाव नव्हे. पैसा आधी आणि काम नंतर हा क्रम रमाबाईंनी उलटविला. काम आधी पत्करले आणि मग त्यास लागणारी व्यवस्था अत्यंत काटेकोरपणे उभी केली.

हिंगण्याशी तुलना

याच १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना केली, हा योगायोग अभ्यासनीय आहे. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, या शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. १८९३ च्या अनुभवातून कर्व्यांनी वेगळा धडा घेतला. समाजाचा विश्वास गमावल्यास संस्था टिकत नाही, हे जाणून त्यांनी सावध पावले टाकली. थोड्या विधवा, पै-पैचा हिशेब आणि लोकांच्या भावना न दुखविण्याची दक्षता ही त्यांची पद्धत होती. १९०० मध्ये हिंगण्याच्या झोपडीत सुरू झालेल्या या कार्यातून पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले.

दोन्ही मार्गांचे यश मान्य करावे लागते. अनुभवास वाटाड्या मानणाऱ्या हिंगण्याने उच्चवर्णीय मराठी समाजात विधवांच्या शिक्षणास मान्यता मिळवून दिली. अनुभवाची मर्यादा ओलांडणाऱ्या केडगावाने ज्यांना कोणताच समाज आपले म्हणत नव्हता, त्या नाना जातींच्या व प्रांतांच्या मुलींना आसरा दिला. हिंगण्याच्या सावध पद्धतीने तीनशे उपाशी मुली एका हंगामात सामावल्या नसत्या. केडगावच्या पद्धतीने पुणेकर मध्यमवर्गाचा विश्वास परत मिळविता आला नसता.

आक्षेप व मर्यादा

ईश्वराज्ञेच्या आधारे घेतलेल्या निर्णयांत एक धोका असतो. आज्ञा ऐकणारी व्यक्ती एक असते आणि परिणाम अनेकांना भोगावे लागतात. दुष्काळात आणलेल्या मुली वयाने लहान व सर्वस्वी परावलंबी होत्या. अन्न आणि आसरा देणाऱ्या घराचा धर्म त्यांनी स्वीकारला, तेव्हा त्यांच्या निवडीस कितपत वाव होता, हा आक्षेप तत्कालीन हिंदू समाजाने घेतला. तो आजही विचारार्ह आहे. वाँटेजमध्ये स्वतःच्या सद्सद्विवेकबुद्धीचा आग्रह धरणाऱ्या रमाबाईंच्या संस्थेत इतरांच्या विवेकास तेवढीच मोकळीक होती काय, हा प्रश्न त्यांच्याच तत्त्वातून उद्भवतो. मुक्तीविषयीचा उपलब्ध पुरावा बहुतांशी रमाबाई, त्यांचे सहकारी आणि मिशनचे पाठीराखे यांचा आहे. त्यामुळे मुलींच्या स्वतःच्या आवाजाचा शोध हे संशोधनाचे महत्त्वाचे क्षेत्र ठरते.

त्याचबरोबर, या आक्षेपामुळे मूळ प्रसंगाचे गांभीर्य कमी होत नाही. १८९७ मध्ये त्या मुलींपुढे पर्याय कोणते होते, हे विसरून केवळ धर्मांतराची चर्चा करणे एकांगी ठरेल. रमाबाईंनी व्यवहाराचा सल्ला मानला असता तर त्यांच्यावर कोणी दोष ठेवला नसता आणि त्या मुलींची नोंदही इतिहासात राहिली नसती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. रमाबाईंची श्रद्धा बालपणीच्या धार्मिक सवयीची पुनरावृत्ती नव्हती. ती सवय दुष्काळात मोडून पडल्यावर, दीर्घ शोधानंतर, त्या नव्या विश्वासापर्यंत आल्या होत्या. त्यांचे आज्ञापालन माणसांच्या अधिकारापुढील नम्रतेतून आलेले नव्हते. चर्च, सल्लागार मंडळ व सरकार या तिन्हींशी त्यांनी प्रसंगी विरोध पत्करला. १८९६-९७ चा निर्णय हा अनुभवाच्या विरुद्ध नव्हता, तर अनुभवाला अंतिम अधिकार न देणारा होता.

इतिहासाच्या अभ्यासकास ईश्वराज्ञेच्या सत्यतेविषयी निवाडा देता येत नाही आणि तो देण्याची आवश्यकताही नाही. परंतु त्या आज्ञेवरील विश्वासाने एका व्यक्तीच्या दृष्टीने शक्य-अशक्याची सीमा कोठे सरकली, हे त्यास दाखविता येते. भूतकाळातून धडे घ्यावेत, असे इतिहासाचे अध्यापक नेहमीच सांगतात. कोणते धडे घ्यावेत आणि कोणते नाकारावेत, हे मात्र भूतकाळ सांगत नाही. केडगावच्या माळावर १८९७ मध्ये उतरलेल्या त्या तीनशे जणींचा इतिहास या मर्यादेची जाणीव करून देतो.